हिडकल: एकदा भरल्यावर, एकदा ओसरल्यावर

शहापूरकर
१८ ऑगस्ट, रात्री ९:५०

परवा रविवारी घटप्रभा नदीवरच्या हिडकल धरणावर जाऊन आलो. बेळगावात वाढलेल्या माणसाला हिडकल नवं नाही. शाळेची सहल झाली, कॉलेजात मोटारसायकली काढून झाल्या, लग्नानंतर बायकोला दाखवून झालं. तरी धरण भरल्याची बातमी वाचली आणि पाय घरात ठरेना.

सकाळी साडेसहाला शहापुरातून निघालो. काकतीपर्यंत भुरभुर होती, वंटमुरी घाटात ढग रस्त्यावर उतरलेले. दिवे लावून, हळूहळू. यमकनमर्डीच्या पुढं हायवे सोडला की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो, आणि बराच वेळ उसाशिवाय काही दिसत नाही. मग एका वळणावर ऊस संपतो आणि समोर पाणीच पाणी. पलीकडचा काठ पावसानं पुसून टाकलेला. समुद्र म्हणावं तर लाटा नाहीत, तळं म्हणावं तर नजर पोचत नाही.

दरवाजे उघडले होते. पाणी दिसायच्या आधी त्याचा घुमारा येतो, पायाखालच्या डांबरातून वर चढतो. खाली आपटून उठलेले तुषार वाऱ्याबरोबर आमच्यापर्यंत येत होते. चष्मा पुसला की पुन्हा भरायचा. मुलीनं जीभ बाहेर काढून ते थेंब चाखले आणि म्हणाली, "बाबा, हे पावसापेक्षा गार आहे." खरंच होतं. पाऊस अंगावर कोमट पडत होता आणि हे तुषार गार.

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. याच वर्षी मे महिन्यातही मी तिथं गेलो होतो. आज जिथं पाणी आहे तिथं तेव्हा भेगाळलेला गाळ होता, त्यात जनावरांच्या खुरांचे ठसे वाळून कडक झालेले. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर, जे वर्षाचे बहुतेक महिने पाण्याखाली असतं, ते उघड्यावर उभं होतं. आम्ही चालत तिथवर गेलो. दगडाला हात लावला तर वाळलेल्या शेवाळ्याची पापडी हातात आली आणि चिरांच्या सांध्यात बोटाच्या पेराएवढे शिंपले अडकलेले दिसले. देवळाच्या भिंतीत शिंपले! मुलगी त्यापुढं हलेचना.

परवा त्याच दिशेला बोट दाखवून तिला म्हटलं, ते देऊळ आता तिथं आहे. ती बराच वेळ पाण्याकडं बघत राहिली.

माझं ठाम मत असं झालंय की ज्यानं हिडकल फक्त भरलेलं पाहिलं, त्यानं ते अर्धंच पाहिलं. दोनदा जायला हवं. तुमचे अनुभव लिहा, म्हणजे नव्यानं जाणाऱ्यांना उपयोग होईल.

—

मृण्मयी
१८ ऑगस्ट, रात्री १०:३२

फार छान लिहिलंय! आम्ही पुण्यात. सासर निपाणीचं, पण लग्नाला अकरा वर्षं होऊनही हिडकल राहूनच गेलंय. गणपतीत निपाणीला जातोय. सोबत सासूसासरे आणि आठ वर्षांचा मुलगा. एका दिवसात काय काय होईल? सासऱ्यांचे गुडघे दुखतात, फार चालणं नको. आणि गोकाकचा धबधबा त्याच दिवशी जमेल का?

—

शहापूरकर
१८ ऑगस्ट, रात्री ११:०५

मृण्मयीताई, निपाणीहून तर तुम्हाला सोपं आहे. संकेश्वरपर्यंत हायवे आणि तिथून हुक्केरीच्या बाजूनं आत. आम्ही बेळगावकर यमकनमर्डी-हत्तरगीकडून जातो.

सकाळी लवकर निघा. दहाच्या आत धरणावर पोचलात तर गर्दी लागत नाही. सासऱ्यांना गाडीतून उतरून थोडं चाललं तरी पाण्याचा विस्तार दिसेल. भिंतीवर मात्र सोडत नाहीत, पाटबंधारे खात्याची परवानगी लागते आणि बंदोबस्त असतो. तिथल्या माणसांशी हुज्जत घालू नका. दोन शब्द कानडीत बोला. "नीर एष्ट ऐत्री?" (पाणी किती आहे?) एवढं विचारलं तरी माणूस खुलतो. मला तर एका रखवालदारकाकांनी कुठून उभं राहिलं की दरवाजे नीट दिसतात ते स्वतः येऊन दाखवलं.

गोकाक जमतं. तीच घटप्रभा पुढं जाऊन गोकाकला ५२ मीटर खाली उडी घेते. धरणातून पाणी सोडलेलं असलं की धबधबा पूर्ण रुंदीनं कोसळतो, घोड्याच्या नालेसारखा कडा भरून. म्हणून हे दोन्ही एकाच दिवशी बघण्यात अर्थ आहे. वर जे सुटलं तेच खाली पडताना दिसतं. काठावरची चालुक्यकालीन महालिंगेश्वराची देवळंही बघा, घाईत लोक ती सोडून येतात. येताना गोकाकचं करदंट घ्या. डिंक आणि गूळ चांगला असला की दाताला चिकटत नाही.

जेवण घरून न्या. भाकरी, शेंगाचटणी, दहीबुत्ती. पावसात गाडीच्या डिकीवर डबा उघडून खाल्लेल्या दहीबुत्तीची चव हॉटेलात नाही मिळत.

—

कालवा_निवृत्त
१९ ऑगस्ट, सकाळी ७:१५

मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली, महाराष्ट्रात. त्यामुळं हिडकलकडं थोडं वेगळ्या नजरेनं बघतो. बातमीत येणारे आकडे समजले तर बघायला जास्त मजा येते, म्हणून लिहितो.

हिडकलचं अधिकृत नाव राजा लखमगौडा धरण. बेळगावच्या आरएल लॉ कॉलेजच्या नावातले तेच वंटमुरीचे संस्थानिक. पूर्ण संचय पातळी २१७५ फूट. ही उंची समुद्रसपाटीपासूनची, धरणाची खोली नव्हे. दरवर्षी कुणीतरी "दोन हजार फूट खोल" असं छापतं, म्हणून मुद्दाम सांगतो. साठवण ५१ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. लक्षात ठेवायला सोपा हिशोब असा: ११,५७४ क्युसेकनं (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) चोवीस तास पाणी आलं की एक टीएमसी होतं. म्हणजे ५०,००० क्युसेक आवक असेल तर दिवसाला सव्वाचार टीएमसीच्या वर. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात धरण बघता बघता कसं भरतं याचं उत्तर यात आहे.

पाणी येतं आपल्या बाजूनं. चंदगडच्या घाटमाथ्यावर पडलेला पाऊस घटप्रभा आणि ताम्रपर्णी घेऊन येतात. चंदगडात फाटकवाडीचा प्रकल्प भरून सांडव्यावरून वाहू लागला की हिडकलकडं लक्ष ठेवावं.

लोक विचारतात, धरण काठोकाठ भरायच्या आधीच दरवाजे का उघडतात? कारण वर पाऊस चालू असतो. येणाऱ्या पुराला जागा ठेवावी लागते. दरवाजे उशिरा उघडले तर मग एकदम मोठा विसर्ग करावा लागतो आणि तो गोकाकला झेपत नाही. तिथं हिडकलचं पाणी, हिरण्यकेशीचं पाणी आणि मार्कंडेयचं पाणी असं तिन्ही पोचतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोकाकनं काय भोगलं ते तिथल्या लोकांना विचारा. लोळसूरचा पूल पाण्याखाली गेला होता.

आणखी एक. जलाशय बशीसारखा असतो, वर पसरट आणि खाली चिंचोळा. त्यामुळं वरच्या काही फुटांत भरपूर पाणी मावतं. उन्हाळ्यात पातळी थोडी उतरली तरी फुगवट्याच्या, म्हणजे भिंतीमागं साठलेल्या पाण्याच्या, टोकाकडची जमीन कोसभर उघडी पडते. शहापूरकरांनी मेमध्ये पाहिलं ते हेच.

—

मृण्मयी
१९ ऑगस्ट, सकाळी ८:४०

काका, हे मुलाला वाचून दाखवलं. त्यानं वहीत ११,५७४ लिहून घेतलंय!

—

हुक्केरीकर
१९ ऑगस्ट, दुपारी १:२०

बरं लिहिलाय की ओ सगळ्यांनी. आमच्या धरणाचं कौतुक वाचून बरं वाटलं. पण इथं राहणारा म्हणून दोन गोष्टी सांगतो, राग मानू नका.

एक, पाणी सोडलेलं असताना खालच्या बाजूला नदीत उतरू नका म्हणजे नकाच. भोंगा वाजवतात, पण पाण्याच्या आवाजात तो ऐकूच येत नाही कधी कधी. वर दरवाजा थोडा वाढवला की खाली खडकावर पाणी मिनिटात चढतंय. आता गुडघ्याएवढं होतं म्हणेपर्यंत कमरेला येतंय. दर पावसाळ्यात कुठं ना कुठं पोरं जातात. त्यांची आईबापं काठावर बसलेली मी बगितलीयत. तसं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

दुसरं, बाटल्या. हे पाणी शेताला जातं आणि बेळगावच्या नळालापण जातं. मागच्या वर्षी आमच्या बांधाला लागून पिकनिकवाले बसून गेले, दुसऱ्या दिवशी आमच्या म्हशीच्या खुरात काच घुसली. महिनाभर औषधपाणी केलं, दूध गेलं ते वेगळंच. या, बसा, जेवा, आमचं काय म्हणणं नाही. पाणी लागलं तर घरात येऊन मागा, नाही म्हणणारं कुणी नाही इकडं. पण आणलेलं परत न्या.

—

खानापूरची_सून
१९ ऑगस्ट, दुपारी ३:०५

हिडकल सुंदर आहेच, पण मला विचाराल तर नविलुतीर्थचं धरण. मलप्रभा नदी कणकुंबीला उगम पावते, खानापुरात आमच्या घरामागून वाहते, आणि तिला मुनवळ्ळीजवळ डोंगरांच्या खिंडीत अडवलेली बघणं म्हणजे लेक मोठी झालेली बघण्यासारखं वाटतं. साठवण हिडकलपेक्षा कमी, ३७.७३ टीएमसी, आणि दरवर्षी भरेलच असं नाही. पण भरतं तेव्हा तांबड्या खडकांच्या मधलं ते निळं पाणी! नविलु म्हणजे मोर. सकाळी लवकर गेलात तर मोर अजूनही ओरडतात. सौंदत्तीची यल्लम्मा तिथून जवळच, त्यामुळं घरातल्या मोठ्यांचं दर्शनही होतं.

—

शहापूरकर
१९ ऑगस्ट, दुपारी ४:१८

ताई, नविलुतीर्थाचं मान्य. पण तिथं खिंडीत धरण बांधल्यामुळं नजर आधी भिंतीवर जाते. हिडकलला नजर पाण्यावर जाते. मला ते जास्त भावतं.

कुणीतरी राकसकोप धरणाचं विचारेल म्हणून आधीच लिहितो. ते बेळगाव शहराचं पिण्याचं पाणी आहे. आपण धरण भरल्याचा २४७५ फुटांचा आकडा पेपरात बघून खूश व्हावं आणि तिथं सहल काढू नये.

—

पाणकावळा
१९ ऑगस्ट, रात्री ८:५५

पक्ष्यांचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

भरलेल्या धरणात पक्षी फार दिसत नाहीत. खोल पाण्यात त्यांना खायला काही सापडत नाही, त्यांना उथळ कडा लागते. त्यामुळं पक्षी बघायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि हिडकलच्या खाली धूपदाळला. तिथं १८९७ सालचा बंधारा आहे, घटप्रभेचा डावा कालवा तिथून निघतो. बंधाऱ्यामागच्या उथळ पाण्यात बेटं तयार झालीत आणि तो सगळा पट्टा घटप्रभा पक्षी अभयारण्यात येतो. थंडीत कांड्या करकोचे येतात. सकाळच्या धुक्यात ते दिसायच्या आधी ऐकू येतात, उंचावरून, घंटा लांब वाजल्यासारखे. चक्रवाकाच्या जोड्या, भुवई बदकं, हळदीकुंकू बदकं, नदी सुरय. घटप्रभा स्टेशनला उतरलं तर लांब नाही, मी कायम मिरज पॅसेंजरनं जातो.

मेमध्ये हिडकलच्या फुगवट्याला जाणाऱ्यांना विनंती. उघड्या पडलेल्या गाळावर आणि वाळूच्या पट्ट्यांवर टिटव्या आणि सुरय अंडी घालतात. घरटं असं नसतंच, चार खड्यांमध्ये खड्यासारखीच अंडी. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली तर तिथंच थांबा, पायाखाली बघा आणि आल्या पावली मागं फिरा.

—

मोहनगा_दड्डी
२० ऑगस्ट, सकाळी ११:४०

आमच्या दड्डीच्या बाजूनं कुणी बघत नाही. फुगवट्याचं शेपूट आमच्याकडं. भावेश्वरीला आलात तर संध्याकाळी काठावर या. बुट्टीसारख्या गोल नावेतून जाळी टाकायला निघालेली माणसं, आणि मावळतीला पाणी पेटल्यासारखं. फोटोत येत नाही ते.

—

उंबरा
२१ ऑगस्ट, रात्री १२:१०

दोन दिवस हा धागा वाचतेय. लिहावं की नको, असं चाललं होतं.

माझ्या आईचं माहेर हिडकलच्या पाण्याखाली आहे. १९७० च्या दशकात धरण पूर्ण झालं, त्याच्या आधी टप्प्याटप्प्यानं गावं उठली. आई तेव्हा लग्नाच्या वयाची होती. तिचं लग्न नव्या गावात झालं, पण हळद जुन्या गावात दळली होती, असं आज्जी सांगायची. आज्जीनं घर मोडताना दोन गोष्टी सोबत आणल्या, जातं आणि उंबरा. उंबऱ्याचं लाकूड बैलगाडीत मावेना, आजोबा म्हणाले राहू दे, नवीन करू. ती उंबऱ्यावर बसली. तो घेतल्याशिवाय गाडी हलली नाही. आज आमच्या मामाच्या सिमेंटच्या घराला तोच सागवानी उंबरा आहे, दाराला बेताचा नाही, दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर येतो.

आज्जी होती तोवर दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की खाली जायची. घर तर मोडूनच नेलेलं, पण विहिरीचा घडीव दगडांचा काठ होता. गाळानं भरलेला, तरी गोल दिसायचा. ती त्या काठावर बसून माहेरवाशिणीसारखी गप्पा मारायची, शेजारच्या घरांची नावं घेत. हे यांचं, हे त्यांचं, इथं पिठाची गिरणी. समोर नुसता सपाट गाळ. आम्हा पोरांना काहीच दिसायचं नाही. आम्ही शिंपले गोळा करायचो.

शहापूरकर, तुम्ही मुलीला बोट दाखवून देऊळ कुठं आहे ते सांगितलंत, हे वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पाणी प्याले. माझ्या मुलांना मी कधी सांगितलं नाही. आम्ही हिडकलला जातच नाही. आईला दरवाज्याचा आवाज सहन होत नाही.

धरणाविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. माझ्या सासरचा ऊस त्याच्या कालव्यावर आहे. मी त्या पाण्याचं खाते. दोन्ही खरं आहे.

—

मृण्मयी
२१ ऑगस्ट, सकाळी ६:५०

ताई, लिहिलंत ते बरं केलंत.

—

हुक्केरीकर
२१ ऑगस्ट, सकाळी ९:१५

अक्का, आमच्या शेजारी तुमच्यासारखीच उठून आलेली चार घरं आहेत. त्यातला एक म्हातारा अजून जुन्या गावाच्या नावानंच पत्ता सांगतोय. पोस्टमनला माहीत आहे, पत्र बरोबर येतंय.

—

कालवा_निवृत्त
२१ ऑगस्ट, सकाळी १०:३०

नोकरीत मी जमिनीच्या मोजण्या केल्या आहेत. आमच्या नकाशावर पूररेषा ही निळी रेघ असते. रेघेच्या आत कुणाची विहीर आली हे आम्ही सर्व्हे नंबरानं लिहायचो. ताईंनी लिहिलंय ते आमच्या कागदात कुठंच नसायचं. तुमच्या आईंनी जे आठवतंय ते लिहून किंवा बोलून ठेवावं, फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालेल. कुठल्या घरानंतर कुठलं घर, एवढं जरी.

—

मृण्मयी
१२ सप्टेंबर, रात्री ९:२०

जाऊन आलो! थोडक्यात लिहिते.

दरवाजे बंद होते, पाणी सोडलेलं नव्हतं, त्यामुळं मुलगा आधी हिरमुसला. पण धरण काठोकाठ होतं आणि वारा पडलेला. पाण्यात ढग दिसत होते, इतके स्वच्छ की सासरे म्हणाले, वरचे कुठले आणि खालचे कुठले. ते तासभर खुर्ची टाकून बसले, आम्ही फोल्डिंगची खुर्ची नेली होती. गुडघेदुखीवाल्या सगळ्यांना हे सुचवते. गोकाकला धबधबा दोन-तीन धारांमध्येच होता, पण समोरून कडा नीट दिसला आणि १८८७ पासून तिथं पाण्यावर वीज करतात हे ऐकून सासरे पुन्हा खूश. खडक निसरडे आहेत, मुलाचा हात एक क्षण सोडला नाही. काचेचा एकही तुकडा मागं ठेवला नाही, हुक्केरीकरदादा.

परतताना सासूबाईंनी गाडीत उंबराताईंची पोस्ट पुन्हा वाचून घेतली. त्यांच्या माहेरची शेती काळम्मावाडीच्या धरणात गेली, हे त्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

—

शहापूरकर
४ मे, सकाळी ८:००

धागा वर काढतोय. पाणी चांगलंच उतरलंय. हुन्नूरच्या देवळाचा वरचा भाग दिसायला लागला, अजून दोन-तीन आठवड्यांत चालत जाता येईल.

उंबराताई, तुमच्या आईंना यायचं असेल तर माझी गाडी आहे. दरवाजे बंद आहेत, आवाज नाही.

—

उंबरा
६ मे, रात्री ११:३५

आईला विचारलं. काही बोलली नाही. पण आज सकाळी म्हणाली, उन्हाच्या आत परत यायला पाहिजे.

—

कडोलीचा_बाळू
९ मे, दुपारी २:४५

मेमध्ये जाणाऱ्यांना एक सांगायचं राहिलंय. गाडी गाळावर घालू नका. आम्ही मागच्या वर्षी घातली. वरून भेगा पडलेल्या, चालून बघितलं तर कडक. शंभर फूट आत गेलो आणि पुढची चाकं पापडी फोडून आत. खाली नुसतं लोणी. जितकं ॲक्सिलेटर दाबावं तितकी गाडी बसत गेली. शेवटी गाळपेर करणाऱ्या, म्हणजे उघड्या गाळात पीक घेणाऱ्या, एका मामांनी ट्रॅक्टर आणला, लांबून दोर टाकून ओढली. पैसे घेतले नाहीत, वर ताक पाजलं. ऊन डोक्यावर, लहान पोरं गाडीत, काय अवस्था झाली असेल विचार करा. पाण्याच्या कडेला तर चालतही जाऊ नका, तिथं पाय पोटरीपर्यंत जातो आणि निघत नाही.

—

उंबरा
२७ मे, रात्री १०:२०

गेलो होतो. शहापूरकर, त्यांची मुलगी, मी, माझा धाकटा आणि आई. आई अठ्ठ्याहत्तरची आहे.

डांबरी रस्त्यावर गाडी ठेवून खाली उतरलो तेव्हा सहा वाजत होते. आई थांबली. मला वाटलं तिला रडू येईल. तिनं पदर कपाळावर ओढून घेतला आणि डोंगराकडं बघायला लागली. पाण्याकडं नाही, डोंगराकडं. मग म्हणाली, "त्या खाचेच्या सरळ रेघेत आमचं परडं." गाव गेलं, झाडं गेली, पण डोंगराची कड तीच आहे, तिला तेवढ्यावरून सगळं सापडत गेलं. खाच डाव्या खांद्यावर येईपर्यंत चालायचं, मग वळायचं. लहानपणी बघितलेल्या, पण मला ओळखू न येणाऱ्या जागेत मी तिच्या मागून चालत होते आणि ती मात्र बाजाराला निघाल्यासारखी भरभर.

एकानं गाळपेर केली होती. काकडीचे वेल, मध्ये थोडा मका. आईनं त्याला विचारलं, हे कुणाचं रान आहे माहीत आहे का? तो म्हणाला, आज्जी, आता तर पाण्याचंच, आम्ही तीन महिन्यांपुरतं घेतो. तिला ते उत्तर आवडलं असावं. त्यानं तोडून दिलेली काकडी तिनं तिथंच उभ्यानं खाल्ली, मीठ नाही काही नाही.

विहीर सापडली. काठाचे नऊ दगड वर होते, बाकी गाळात. शहापूरकरांच्या मुलीनं हातानं माती बाजूला करून दहावा काढला. एका दगडाला दोर घासून पडलेली खोबण आहे, करंगळी बसेल एवढी. आईनं त्यात करंगळी घातली. मग तिनं घरं सांगायला सुरुवात केली आणि माझ्या धाकट्यानं फोनवर रेकॉर्ड केलं, कालवाकाकांनी सांगितलं होतं तसं. एकतीस घरं झाली. दोन घरांच्या मध्ये ती अडकली, त्या घराचं नाव तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. गाडीत बसल्यावरही तेच शोधत होती.

टिटवी ओरडली तेव्हा आम्ही थांबलो आणि वळसा घेतला, पाणकावळा.

—

कालवा_निवृत्त
२८ मे, सकाळी ७:०५

एकतीस घरं. ताई, ते रेकॉर्डिंग दोन ठिकाणी ठेवा.

—

नेसरीवाला
२ जून, दुपारी १२:३०

धागा आज वाचला. मला आणि वडिलांना ती विहीर बघायची आहे. वडिलांची आत्या त्याच बाजूच्या एका गावात दिली होती. कुठून उतरायचं सांगाल का?

—

उंबरा
२ जून, दुपारी १:१५

लवकर जा. चंदगडकडं वळिवानं जोर धरलाय, मान्सून आला की जागा राहणार नाही.

गाडी डांबरीवरच ठेवा. काकडीच्या वेलांच्या उजवीकडून चाला, वेल तुडवू नका. डोंगरात एक खाच दिसेल, दोन शिखरांच्या मधली, उजवं शिखर थोडं बसकं. ती डाव्या खांद्यावर आली की वळा. तिथून आईच्या हिशोबानं गिरणी, मग चार घरं, मग विहीर. तुम्हाला नुसता गाळ दिसेल, पण पावलं मोजत जा, साधारण दोनशे. वडिलांना आत्याच्या घराचं नाव आठवत असेल तर मला कळवा. आईचं एक घर राहिलंय.